सभा आयांची, पैसा बापाचा
जळगाव-धुळ्याच्या कामगार वस्त्यांत लहान मुलांच्या आहारावर बोलायचे असले की आम्ही आधी बापांना बोलावतो. बाजाराचा पैसा बहुधा त्यांच्या खिशात, आणि सभा मात्र आयांची! सकाळी पोराला काय दिले, असे विचारावे तर उत्तर ठरलेले: चहा-टोस्ट. चहाने भूक मरते आणि अन्नातले लोहही अंगी लागत नाही. जन्मताना आणलेला लोहाचा साठा सहाएक महिन्यांत सरत येतो. तेव्हापासून आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न हवेच. त्याला डब्यातली महाग पूड कशाला? ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आपल्या खानदेशचीच. बाळासाठी ती बिनमिठाची करावी, वरणात मऊ कुस्करावी, शिजवलेला शेवग्याचा पाला, चमचाभर तेल आणि लिंबाचे चार थेंब घालावेत. पातळ पेज नव्हे, चमच्यावर टिकेल असे घट्ट. पोट इवलेसे, म्हणून थोडे थोडे, दिवसातून अनेकदा.

शिकवल्याने सगळे भागते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. डाळ महागली की वरणाचे पाणी होते. तिथे व्याख्यान नव्हे, मजुरीच वाढावी लागते. तोवर अंगणवाडीत पोराचे वजन होते, त्याचा आकडा बापाने दर महिन्याला स्वतः जाऊन विचारावा.