पुण्याची दुर्बीण आणि हान्लेचा डोंगर

(नागपूर येथील भाषणाचा संपादित भाग)

नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकून तारे पाहत झोपी गेलेली पिढी या सभागृहात बसलेली आहे. त्या गच्चीवरून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर दिसे. आज तेथून सप्तर्षी शोधतानाही रस्त्यावरील दिवे आड येतात. लडाखमधील हान्ले येथे तोच ध्रुव ३३ अंशांच्या आसपास असतो आणि आकाशगंगा नुसत्या डोळ्यांना लख्ख दिसते. तेथील सरस्वती पर्वतावर, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे.

दुर्बीण इतक्या उंचावर कशासाठी न्यावी? ताऱ्याचा प्रकाश धूळ, बाष्प आणि हवेची थरथर पार करून खाली येतो. अवरक्त किरण तर बाष्प वाटेतच गिळते. हान्लेची हवा विरळ आणि कोरडी. तेथील दोन मीटर व्यासाच्या हिमालयीन चंद्र दुर्बिणीने सप्टेंबर २००० मध्ये प्रथम आकाश टिपले. (हा ‘चंद्र’ म्हणजे चांदोबा नव्हे, ते नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून आले.) निरीक्षक मात्र बंगळूरजवळ होसकोटे येथे बसतो आणि त्याची आज्ञा उपग्रहामार्फत डोंगरावर पोहोचते.

परंतु महाराष्ट्राने हा मार्ग फार पूर्वी धरला होता. १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकांनी वेधशाळा उभारली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली. ग्रब यांनी घडवलेली २० इंची दुर्बीण आली. त्या काळी देशातील सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला जेऊरला गेले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळेलाही कुलूप लागले. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. एका माणसाची निवृत्ती हेच संस्थेचे मरण ठरावे! शिष्य घडला नाही, की घडू दिला गेला नाही?

कोडाईकनालची रीत निराळी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. इंग्रज संचालक गेले, भारतीय आले. काम थांबले नाही. शंभर वर्षांचे सौरडाग आज एकापुढे एक मांडता येतात, ते या चिकाटीमुळे. त्याच परंपरेतील वेणू बप्पूंनी पुढे तमिळनाडूतच कावलूरची वेधशाळा उभारली.

जुन्नरजवळ गिरावलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुकाची दोन मीटरची दुर्बीण २००६ मध्ये उभी राहिली. मधे चौऱ्याण्णव वर्षे गेली.