यकृतविकार आणि दुर्बिणीच्या टोकावरील सोनोग्राफी



खानदेशात कावीळ झाली की आजही अनेक जण प्रथम कावीळ उतरविणाऱ्याकडे धाव घेतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळे झाले, की रोग गेल्याचे समाधान लाभते. साधी कावीळ बहुधा आपोआपच बरी होते आणि श्रेय त्या पाण्यास मिळते. दीर्घकालीन यकृतविकार मात्र आतल्या आत वाढतच राहतो. मद्याला स्पर्शही न केलेल्या कुटुंबात तो निघाला, तर रुग्णाकडे संशयाने पाहिले जाते. हा शुद्ध अन्याय होय. हिपॅटायटिस 'बी' व 'सी', तसेच मधुमेह व स्थूलतेसोबत यकृतात साठणारी चरबी, हीही त्याची मोठी कारणे आहेत.

यकृत कठीण झाले की पोर्टल शिरेतील दाब वाढतो. अन्ननलिकेतील व जठरातील शिरा फुगतात आणि फुटल्यास रक्ताची उलटी होते. एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंडचे महत्त्व येथे आहे. नेहमीच्या सोनोग्राफीला पोटावरील चरबी व आतड्यांतील वायू आड येतात. या पद्धतीत सोनोग्राफीचे यंत्रच दुर्बिणीच्या टोकावर बसवून जठरात नेतात. यकृताचा डावा भाग तेथून अगदी लगत असतो. सुई डोळ्यांदेखत यकृतात नेऊन तपासणीसाठी तुकडा घेता येतो, पोर्टल शिरेतील दाब थेट मोजता येतो. जठरातील फुगलेल्या शिरेत धातूची बारीक कॉइल व ग्लू सोडून रक्तप्रवाह थांबला की नाही, हेही तत्क्षणी दिसते.

तथापि प्रत्येक रुग्णास ही तपासणी लागत नाही. पुष्कळांचे निदान रक्ततपासणी, साधी सोनोग्राफी व फायब्रोस्कॅन यांवर होते. अन्ननलिकेतील शिरांना साध्या दुर्बिणीतून बँड बांधतात. शिवाय या उपचाराने मूळ यकृत बरे होत नाही. हिपॅटायटिसची औषधे २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतात, ती वेळेवर घेणे अधिक मोलाचे.

जळगाव ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे ४२० किलोमीटर आहे. रक्ताची उलटी वा डांबरासारखी काळी शौच झालेल्या रुग्णास थेट त्या प्रवासास नेणे घातक ठरते. प्रथम जळगाव किंवा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अथवा जवळच्या सुसज्ज रुग्णालयात नेऊन रक्तस्राव आटोक्यात आणावा. पुढे पाठविताना जुने सर्व अहवाल, रक्तगट आणि चालू औषधांची यादी सोबत द्यावी.