निजेतला श्वास
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी घोरण्याविषयी बोलावयाचे, हे ऐकून काही मंडळींना हसू येईल. परंतु आमच्या वैद्यकीय साहाय्य समितीकडे या व्याधीचे अर्ज येऊ लागले आहेत. तेव्हा दोन शब्द बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते.

घोरणारा मनुष्य गाढ निजला आहे, असा आपला समज. पण घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, दहा-वीस सेकंद श्वासच नाही, आणि मग दचकून तो सुरू होतो! हे ज्या गृहिणीने उशाशी जागून पाहिले आहे, तिला त्या समजाची किंमत विचारावी. झोपेत जीभ व घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. यालाच डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. सकाळी डोके जड, दिवसा डुलक्या, रक्तदाब चढा. मोटार हाकणाऱ्याच्या तर जिवावरच बेतते.

१९८१ साली सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा सोडून ही वाट उघडी ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. ‘सीपॅप’ यंत्र ते हेच, आणि आजही प्रमुख उपाय तोच. मात्र मुखवटा लावून निजणे कित्येकांना साधत नाही. अशांपैकी काहींसाठी एक शस्त्रक्रिया निघाली आहे. छातीच्या वरच्या भागी, त्वचेखाली लहानसे यंत्र बसवून त्याची तार जीभ हलविणाऱ्या बाराव्या मज्जातंतूपर्यंत नेतात. श्वासागणिक हलका विद्युत्प्रवाह जाऊन जीभ पुढे सरते. निजताना यंत्र सुरू करावयाचे, उठल्यावर बंद. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १२६ रुग्णांचा मध्यम आकडा वर्षभरात तासाला २९ अडथळ्यांवरून ९ वर आला. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने परवानगी दिली.

पण हा सर्वांचा उपाय नव्हे. घसा चोहोबाजूंनी मिटत असेल तर जीभ पुढे सरकवून भागत नाही. म्हणून आधी गुंगीच्या औषधाने निजवून दुर्बिणीतून पाहतात. शिवाय खर्च मोठा.

आमच्याच एका सभासदाने थेट या शस्त्रक्रियेसाठी अर्ज केला होता. चौकशी करता कळले, मुखवटा चारच रात्री लावला, तोही मापाचा नव्हता. दुसरा घेऊन दिला. आज ते स्वस्थ निजतात. म्हणून आम्ही क्रम ठरविला आहे : प्रथम निद्रेची तपासणी, मग यंत्र, आणि ते खरोखर न साधल्यास शस्त्रक्रियेचा विचार. हा नकार नव्हे. दहाजणांच्या पैशाची राखण आहे.

आज रात्री घरी गेल्यावर शेजारच्याचा श्वास जरा ऐका. तो मध्येच थांबत असेल तर संकोच न धरता समितीकडे या. जयंतीचे पेढे तेव्हाच आम्हांस गोड लागतील.