दहा मिनिटं



मी पाटसची. जीएनएमची तीन वर्षं संपवून पुण्यात लहान मुलांच्या आयसीयूत लागले. अम्मीने गल्लीभर सांगितलं, मुलगी सिस्टर झाली! इथे मात्र मॉनिटर वाजला की मला घाम फुटायचा. दहा महिन्यांच्या बाळाची नाडी 130 पाहून मी धावत सुटले होते. त्या वयात ती नॉर्मलच असते.

एका रात्री माझ्याकडे जुलाबाने सुकलेलं बाळ होतं. आईबाप ऊसतोडीचे. भीमा पाटस कारखान्याच्या हंगामात अशा टोळ्या मी लहानपणापासून पाहिलेल्या. दूध पाजायला आत आलेली आई म्हणाली, "ताई, पाय गार लागत्यात." बीपी ठीक होतं. मी तळपाय दाबून सोडला. दोन सेकंदांत लाली परतायला हवी, चार लागले.

तरी सीनिअर सिस्टरना हाक मारली नाही. नवीन आहे, हिला काही येत नाही म्हणतील. त्यात माझं नाव असं; चूक झाली तर ती माझ्या एकटीची राहणार नाही, हेही डोक्यात. दहा मिनिटं गेली.

मग बोलावलं. डॉक्टर आले, सलाईन वाढवलं. नंतर सिस्टर म्हणाल्या, "मुलांचं बीपी सगळ्यात शेवटी पडतं. आई बोलली तेव्हाच हाक मारायची." रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.

बाळ आठवड्याने घरी गेलं.

आता माझ्या हाताखाली नव्या मुली आहेत. रात्रीत तीनदा हाक मारतात, दोनदा काहीच नसतं. मी तिन्ही वेळा जाते.