मुळाशी उपचार

मी मुसलमान, ती वसईची कॅथलिक. १९९६ साली विशेष विवाह कायद्याखाली आम्ही लग्न केलं. सह्या झाल्या, तिन्ही साक्षीदारांना चहा पाजला. सरकारदरबारी नवराबायको झालो. तिच्या चर्चच्या लेखी मात्र नाही.

कॅथलिकांचं लग्न धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर व्हावं, हा दंडक ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली घातला. जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर बिशपांची परवानगीही लागते. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

सणासुदीला मी तिच्यासोबत मिस्साला जायचो. ख्रिस्तप्रसादासाठी सगळे उठत. ती बसून राही, इतरांना वाट द्यायला गुडघे तिरके करी.

२०१८ साली तिची आई गेली. त्यानंतर ती पापनिवेदनाला गेली. आतलं बोलणं फादरांनी कुणाला सांगायचं नसतं; तिच्यावर तसं बंधन नव्हतं. क्षमेसाठी पश्चात्ताप हवा, पुन्हा तसं न वागण्याचा निश्चय हवा. म्हणजे लग्नाला मान्यता मिळेपर्यंत माझ्याशी पत्नी म्हणून न राहण्याचा.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, या लग्नाचा पश्चात्ताप मला होत नाही."

मी चिडलो. आमच्याकडे तौबा करायला मध्ये कुणी लागत नाही, असंही बोलून गेलो. माझा संसार कुणाच्या पापांच्या यादीत असावा, हे झोंबलं होतं. ती म्हणाली, "तुला लागलं, कबूल. पण उपाशी मी आहे."

फादरांनी वाटही सांगितली होती. चर्चच्या कायद्यात एक तरतूद आहे. तिच्या लॅटिन नावाचा अर्थ 'मुळाशी उपचार'. परस्परांची जुनी संमती टिकून असेल तर बिशप तिलाच मान्यता देऊ शकतात. पुन्हा लग्न लावावं लागत नाही, दुसऱ्याने धर्म बदलावा अशीही अट नाही. आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचं वचन मात्र कॅथलिक जोडीदाराने द्यायचं. आमची मुलगी तर केव्हाच मोठी झाली होती.

आधीचा जोडीदार हयात असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. पहिला विवाह मुळातच वैध नव्हता, हे चर्चच्या न्यायालयात ठरावं लागतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ती प्रक्रिया सोपी केली.

आम्हाला मान्यता मिळाली, तीही १९९६च्या त्या दिवसापासूनची. त्या रविवारी ती प्रसादासाठी उठली. वाट द्यायला या वेळी मी गुडघे तिरके केले.

अशी जोडपी आपल्या आसपास असतात. दार बंद आहे असं धरून कित्येक वर्षं मागच्या बाकावर बसतात. त्यांनी एकदा विचारून पाहावं, आणि जोडीदाराने रागावण्याआधी ऐकून घ्यावं. मला ते उशिरा जमलं.