एंजिनाची पिढी कशी मोजावी?



या मालेत संतवाङ्मयावर आणि इतिहासावर विद्वान मंडळी बोलतात. त्यांच्या रांगेत डिझेल एंजिनांवर बोलायला कामगार संघटनेतला माणूस उभा केलेला पाहून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. मलाही वाटले. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते फॅक्टरीच्या फाटकावर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा अधिकारवाणीने सांगावे असे माझ्याजवळ थोडेच आहे. एक प्रश्न मात्र आहे, आणि तो मला रोह्याच्या स्टेशनवर दोन पोरांनी दिला.

२०१९ चा पावसाळा होता. मला ठाण्याला कोर्टाची तारीख होती आणि गाडीला उशीर होता. फलाटाच्या अगदी टोकाला कॉलेजात जाणारी दोन मुले वही घेऊन उभी होती. कोकणाच्या बाजूने मालगाडी येत होती, पण अजून दिसत नव्हती. एक म्हणाला, "अल्को." दुसरा म्हणाला, "नाही, ईएमडी." गाडी समोर आली आणि दुसऱ्याचे खरे ठरले. मी विचारले, "बाळांनो, न बघता कसे रे ओळखलेत?" तो म्हणाला, "काका, ईएमडीचं एंजिन टू-स्ट्रोक असतं, त्याचा आवाज सलग घुमतो. अल्को फोर-स्ट्रोक. ते धापा टाकत येतं, आणि जोर लावला की काळा धूर सोडतं."

मग दोघांचे भांडण जुंपले ते निराळ्याच गोष्टीवरून. हे एंजिन दुसऱ्या पिढीचे की तिसऱ्या? माझी गाडी आली तरी निकाल लागला नव्हता. मी गाडीत बसलो, पण प्रश्न माझ्याबरोबर आला. माणसाची पिढी आपण जन्मावरून मोजतो. यंत्राची पिढी कशावरून मोजायची?

हे समजण्यासाठी आधी एक साधी गोष्ट पाहू. आगगाडीचे डिझेल एंजिन बहुधा स्वतः चाके फिरवीत नाही! ते आपल्या पोटात वीज तयार करते. डिझेलवर सिलिंडर चालतात, ते जनरेटर फिरवतात, जनरेटरची वीज आसांवरच्या मोटारींना जाते आणि त्या मोटारी चाके फिरवतात. म्हणजे हे एक चालते-फिरते वीजघर आहे. आपल्या जवळच्या कोलाडहून १९९९ सालापासून मालट्रक आगगाडीवर चढवून गोव्याकडे नेण्याची सोय कोकण रेल्वेने केली. भरलेल्या ट्रकांची ती रांग पुढचे एंजिन ओढत असे, ते या स्वतः केलेल्या विजेच्या जोरावर.

आता पिढ्यांकडे वळू. ही मोजदाद मुळात अमेरिकेतल्या शौकिनांची. १९३९ साली जनरल मोटर्सच्या ईएमडी या शाखेने ५४०० अश्वशक्तीचे, चार भागांचे डिझेल एंजिन देशभर फिरवून दाखविले. त्यानंतर वीस-एक वर्षांत तिकडची वाफेची एंजिने जवळजवळ नाहीशी झाली. ज्यांनी वाफेला घालविले ती पहिली पिढी. १९६० च्या सुमारास दीड हजार अश्वशक्तीच्या जुन्या डिझेलच्या जागी अडीच हजारांची आली. जिथे तीन लागत तिथे दोन पुरू लागली. ज्यांनी पहिल्या डिझेलला घालविले ती दुसरी पिढी. १९८० नंतर एंजिनात संगणकाचे नियंत्रण आले, ती तिसरी. १९९० नंतर डीसी मोटारींच्या जागी एसी मोटारी आल्या; तिला कोणी चौथी म्हणतात, कोणी म्हणत नाहीत.

यात माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. पहिल्या दोन पिढ्या ठरवताना त्या लोकांनी यंत्रात काय नवे आहे हे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, हे आले तेव्हा कोण गेले? शौकीन म्हणून फलाटावर वही घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांनी नकळत कामगाराचाच प्रश्न विचारला होता.

हाच गज आपल्या देशाला लावून पाहू. आपल्याकडे एंजिनाच्या अंगावर अक्षरे असतात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, आणि एन म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या नेरळ-माथेरानसारखा दोन फुटी मार्ग. डी म्हणजे डिझेल. मग पी उतारूंसाठी, जी मालासाठी, एम दोन्हींसाठी, एस यार्डात डबे हलविण्यासाठी. शेवटी आकडा. नवशिका माणूस आकडा पाहतो आणि त्यालाच पिढी समजतो. तिथेच तो फसतो. डब्ल्यूडीएम-२ आणि डब्ल्यूडीएम-४ ही दोन्ही एंजिने १९६२ सालीच या देशात आली. पुढे आकड्यांचा अर्थही बदलला. डब्ल्यूडीएम-३ए यातल्या तीन आणि ए या खुणा मिळून ३१०० अश्वशक्ती सांगतात, आणि आधी याच एंजिनाला डब्ल्यूडीएम-२सी म्हणत असत. आणि नुसते डब्ल्यूडीएम-३ म्हणाल, तर ते जर्मनीहून आलेले, विजेऐवजी तेलाच्या दाबाने शक्ती पोचविणारे निराळेच एंजिन. आकडा हे नाव आहे, वय नव्हे.

मुख्य मार्गावरची आपली पहिली डिझेल म्हणजे डब्ल्यूडीएम-१. अमेरिकेतल्या अल्को कंपनीची ही १०० एंजिने १९५७ पासून पुढे आली, प्रत्येकी १९५० अश्वशक्तीची. मग १९६२ साली दोन पहिलवान समोरासमोर उभे राहिले. एक अल्कोचे डब्ल्यूडीएम-२, दुसरे जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-४. दोघांची शक्ती २६०० च्या आसपास. जनरल मोटर्सची ७२ एंजिने आली. ती वेगाला चांगली होती. १९६९ साली दिल्ली-हावडा राजधानी सुरू झाली तेव्हा तिला हीच जोडत. पण ती ७२ वरच थांबली. कारण अल्कोने एंजिनाबरोबर ते बनविण्याची विद्या द्यायचे कबूल केले, जनरल मोटर्सने केले नाही. १९६१ साली वाराणसीला कारखाना उभा राहिला, १९६४ च्या जानेवारीत तिथून पहिले एंजिन बाहेर पडले, आणि पुढे अडीच हजारांहून अधिक डब्ल्यूडीएम-२ आपल्या देशातल्या हातांनी घडविली. खुद्द अल्को कंपनीने १९६९ साली एंजिने करणे बंद केले, पण तिची विद्या आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे पोट भरीत राहिली. नकाशे आणि शिकविणे ज्या मालाबरोबर येते तो माल टिकतो, हा धडा मी वाटाघाटीच्या टेबलावर अनेकदा वापरला आहे.

आता पाहा, अमेरिकेत अल्कोची ही जात दुसऱ्या पिढीच्या काळातली. आपल्याकडे मात्र तिने वाफेला घालविले, म्हणून आपल्या गजाने ती पहिल्या पिढीची ठरते. चित्तरंजनला वाफेचे शेवटचे एंजिन १९७२ साली झाले, आणि ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची गाडी थांबली ती १९९५ च्या डिसेंबरात. एकच यंत्र एका देशात नातू आणि दुसऱ्या देशात आजोबा असू शकते. साल तेच, पण जागा कोणाची घेतली ते निराळे.

पुढे ३१०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-३ए आली. कित्येक जुनी डब्ल्यूडीएम-२ पतियाळाच्या कारखान्यात उघडून, नव्याने बांधून ३ए करण्यात आली. सांगाडा जुना, पोट नवे. मग त्याची पिढी कोणती? यावर ती मुले रात्रभर भांडतील. त्यानंतर १९९५ च्या करारानुसार, आधी नकार देणाऱ्या त्याच जनरल मोटर्सची विद्या वाराणसीला आली आणि ४००० अश्वशक्तीची, एसी मोटारींची डब्ल्यूडीजी-४ तयार होऊ लागली. रोह्याला त्या दिवशी आले ते याच कुळातले. शेवटी जनरल इलेक्ट्रिकशी २०१५ साली करार झाला आणि बिहारात मढौरा येथे ४५०० आणि ६००० अश्वशक्तीची एंजिने होऊ लागली.

आणि मग? मग वीज आली. २०१९ च्या फेब्रुवारीत वाराणसीला दोन जुन्या डिझेलांचे मिळून एक विजेचे एंजिन केलेले देशाने पाहिले. डिझेलसाठी काढलेल्या त्या कारखान्याच्या नावातून २०२० साली 'डिझेल' हा शब्दच गेला. २०२० च्या जुलैत दहा डिझेल एंजिने आपण बांगलादेशाला देऊन टाकली. २०२२ साली आपल्या रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेवर विजेच्या तारेचे काम पुरे झाले. धूर गेला, डोंगरातल्या बोगद्यांतली हवा सुधारली. मी त्याच्या विरुद्ध नाही. चांगल्या हवेच्या विरुद्ध धाटावचा माणूस कसा असेल! पण छत्तीस वर्षे चालावे म्हणून हिशेब धरलेली एंजिने त्याच्या आत कडेला उभी राहू लागली. यंत्राची पिढी त्याच्या झिजेने संपतेच असे नाही. बहुतेक वेळा ती कागदावरच्या निर्णयाने संपते.

आता माझा खरा मुद्दा. यंत्र गेले तर त्याच्याबरोबर कोण गेले?

माझे मामा दौंडच्या शेडमध्ये फायरमन होते. वाफेच्या एंजिनावर तिघे असत : ड्रायव्हर आणि दोन फायरमन. डिझेलवर दोघे पुरले. शेडमध्ये राख काढणारे, कोळसा चढविणारे, बॉयलरच्या नळ्या साफ करणारे, यांची कामेच उरली नाहीत. मामा वर्गात बसून डिझेल शिकले आणि असिस्टंट झाले. चाळिशी उलटल्यावर वही-पेन्सिल हातात धरली. ते म्हणत, "फावडं सुटलं त्याचं दुःख नाही रे. पण घाटाखाली आग कशी धरायची ते मला ठाऊक होतं, ते आता कुणाला सांगू?" वाफेच्या एंजिनाला वाटेत पाणी, कोळसा, आग झाडणे यासाठी थांबावे लागे. डिझेलला थांबण्याचे फारसे कारण नाही. यंत्राची दौड वाढली, माणसाची पाठ मात्र तीच राहिली. १९७४ च्या मे महिन्यात, ८ ते २७ तारखेपर्यंत, देशभर जो रेल्वे संप झाला त्यात आठ तासांच्या दिवसाची मागणी होती. नव्या एंजिनाबरोबर नवे घड्याळही हवे, एवढेच त्या माणसांचे म्हणणे होते.

हे मला पुस्तकातून समजले, पण उशिरा. त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती आपल्यापुढे कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात कोळशाचा बॉयलर काढून गॅसचा बसवायचे ठरले. नऊ माणसे जास्त झाली. मी त्यांच्या भरपाईसाठी भांडलो. चांगली रक्कम मिळाली, सभा झाली, माझ्या गळ्यात हार पडले. नव्या पॅनलवर यांतले किती जण शिकवून घेता येतील, हा प्रश्न मी टेबलावर मांडलाच नाही. मला तो सुचलाच नाही. दोन वर्षांनी त्यांतला एक जण बाजारात भेटला. ज्वाळेचा रंग पाहून वाफेचा दाब सांगणारा माणूस, भाजीच्या हातगाडीमागे उभा होता. त्याने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाला, "भाऊ, पैसे मिळवून दिलेत. पण माझं कसब कुणी मागितलंच नाही." त्या रात्री मला जेवण गेले नाही.

तेव्हापासून नवे यंत्र येणार असे कळले की मी तीन प्रश्न लिहून नेतो. हे कोणाची जागा घेणार? त्या माणसांपैकी किती जण नव्या यंत्रावर शिकतील, आणि शिकण्याच्या काळात त्यांना पगार कोण देईल? आणि त्यांना जे ठाऊक आहे ते लिहून कोण ठेवील? दर वेळी मनासारखी उत्तरे मिळतात असे नाही. पण मागे एका ठिकाणी सात जणांपैकी पाच जण पॅनलवर बसले, आणि त्यांतला एक आता नव्या पोरांना शिकवतो. डब्ल्यूडीएम-२ चे ३ए करता येते, सांगाडा तोच ठेवून पोट नवे करता येते, तर माणसाचे का करता येऊ नये? माणसाला तर उघडावेही लागत नाही, नुसते शिकवावे लागते.

या सभागृहात कारखान्यांचे अधिकारी आहेत, शिक्षक आहेत, आणि ज्यांची मुले उद्या या वसाहतीत कामाला लागतील असे आईबापही आहेत. संगणक आणि यंत्रमानव यांच्या कितव्या पिढीत आपण आहोत याची चर्चा आपण रोज वाचतो. ती पिढी आकड्यावरून मोजू नका. रोह्याच्या फलाटावरच्या त्या दोन मुलांसारखी मोजा : हे आले तेव्हा कोण गेले, आणि जो गेला त्याला आपण कुठे बसविले?

आता रोह्याला गेलो की मी फलाटाच्या टोकापर्यंत जातो. विजेचे एंजिन डिझेलसारखा गजर करीत येत नाही. त्या दोघांना आता ओळखायला कठीण जात असेल. पण त्यांची वही त्यांनी टाकून दिली नसेल अशी माझी आशा आहे. कोणीतरी हिशेब ठेवलाच पाहिजे.