मनमाड ते काळा घोडा



एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा आपल्यातल्या अनेकांनी दिल्या. थोरांची चित्रं मात्र छापीलच पाहिली. छापील चित्रात रंगाचा थर दिसत नाही, त्याचा आकारही कळत नाही.

मनमाडहून पहाटे पंचवटी पकडली, की चित्रं पाहून रात्री घरी परतता येतं. सीएसएमटीहून काळा घोडा चालत गाठता येतो. तिथे १९५२ पासूनचं जहांगीर कलादालन आहे, प्रवेश मोफत. चित्रकार पुष्कळदा चित्रांजवळच भेटतो, त्याला प्रश्न विचारता येतात. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयही जवळच आहे.

चित्रकलेच्या विद्यार्थ्याचं पाऊल अडतं ते दारात: ‘आपल्याला आत सोडतील का?’

म्हणून सुचवते, दरवर्षी आपल्यापैकी दोघांनी शाळेतल्या चार मुलांना सोबत न्यावं. तिकीट आपलं, डबाही आपलाच. पुढच्या वर्षी तीच मुलं इतरांना वाट दाखवतील.